दोघांत एक चष्मा

मेरिडन, १० नोव्हेंबर १८५७

ओबेड्या,

आधी बरणी उघड, मग पत्र वाच.

नमस्कार-चमत्कार घालत नाही. तू माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहेस, आणि सध्या चिडलेलाही आहेस. तिर्झावहिनी बऱ्या ना? त्यांनी दिलेलं सफरचंदाचं लोणी कधीच संपलं. बरणी धुऊन पाठवतोय.

इथे सगळं ठीक. थंडी पडलीय. राजधानीतल्या या खाणावळीत आम्ही तिघे न्यायाधीश राहतो, एका टेबलावर जेवतो आणि कुणीच हसत नाही. थोरले न्यायमूर्ती व्हिटलॉक मक्याची भाकरी सुरीनं कापून खातात. सुरीनं! तू असतास तर टेबलाखालून मला लाथ बसली असती.

मागच्या आठवड्यात दौऱ्यावर बेकर्स क्रॉसिंगला गेलो होतो. तीच सराई. वकील अजूनही एका खाटेवर दोघं-दोघं झोपतात. मला मात्र आख्खी खाट, आख्खी खोली. न्यायाधीशाचा मान! जेवणं झाली आणि वर त्यांचं खोटं कोर्ट भरलं, आपण भरवायचो तसंच. एकावर घोरण्याचा खटला होता. आरोपी बोंबलत होता, "मी झोपलेलो, मला काय माहीत कोण घोरत होतं! साक्षीदाराला विचारा, तो जागा का होता?"

मी जिन्यात बसून ऐकत होतो. पायरी करकरली. वर एकदम चिडीचूप. एकानं दार उघडलं. "माफ करा, न्यायमूर्ती. आवाज कमी करतो."

अरे, आवाज कमी करू नका, हे त्यांना कसं सांगायचं?

तुझ्या त्या नावाड्या अशिलाचं, जोएल स्टार्कचं, काय चाललंय? होडी विकली असेल ना त्यानं? की नुसती काठाला बांधून ठेवलीय? विचारतो खरा, पण तू सांगणार नाहीस.

अकरा वर्षं आपण एका घोडागाडीतून कोर्टं पालथी घातली. दोघांत चष्मा एकच, कारण तुझा कायम हरवलेला. तू उठायचास, डाव्या खिशात हात घालायचास, मग उजव्या, आणि तोवर माझा चष्मा तुझ्या नाकासमोर आलेला असायचा. मला मान वर करून बघावंही लागायचं नाही.

जोएलच्या खटल्याच्या दिवशीही मी बघितलं नाही. तू डावा खिसा चाचपलास, उजवा चाचपलास, आणि माझा हात न्यायासनावरून खाली आला होता. चष्म्यासकट. भर कोर्टात.

"मला दिसतंय, न्यायमूर्ती," म्हणालास. आणि कागद हातभर लांब धरलास.

जोएलच्या घाटावर पूल बांधू पाहणाऱ्या कंपनीचा तो वकील उठला, आवाजात मध घालून. "न्यायमूर्तींचा चष्मा माझ्या विद्वान मित्रांना चालत असेल, तर त्यांची नजरही न्यायमूर्तींना चालत असेल." सगळे हसले. मग मला निकाल न देताच त्या खटल्यातून उठावं लागलं. उरले दोघे. एक स्टार्कच्या बाजूनं, एक पुलाच्या. बरोबरी झाली की खालच्या कोर्टाचा निकाल कायम. जोएलचा होडीचा घाट गेला.

बाहेर पायऱ्यांवर तू म्हणालास, "लेम, हात खिशात ठेवायला काय झालं होतं तुला?" त्यानंतर एक ओळ नाही.

व्हिटलॉकही त्यावरच बोलले, जेवताना. "थॅक्स्टन, न्यायाधीश व्हायचं तर हाताच्या सवयी मोडाव्या लागतात."

"मोडतात का पण?"

"माझ्या मोडल्या," म्हणाले आणि भाकरी कापायला लागले.

पक्षाची माणसं रोज येतात. न्यायाधीशाच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहा म्हणतात, लोक डोळे झाकून मत देतील. शनिवारी दुपारी त्यांना उत्तर द्यायचंय. माझी आई असती तर तिनं अख्ख्या गावाला केक वाटला असता. मी मात्र त्या सुरीकडे बघत बसतो.

मला सवय मोडायची नाहीये, ओबेड.

आणि तुझी बाजू बरोबर होती. मी खुर्चीत राहिलो असतो तर घाट जोएलचा होता. खटल्यातून उठलेल्या न्यायाधीशानं हे कुणाला सांगायचं नसतं. कागदावर तर नाहीच नाही.

आपल्या ऑफिसावरची पाटी काढलीस का रे? माझं नाव रंगानं पुसलं असशील तर तसंही सांग. खरवडलं की खालचं दिसतं. नाहीतर नवीन रंग मी आणीन.

बरणीत लोकरीत गुंडाळलेला सापडला असेलच. आत्ता तो तुझ्या नाकावर असू दे, म्हणजे वहिनींना वाचायला लावू नकोस. माझ्याकडे दुसरा नाही. म्हणून उत्तर लिहू नकोस, मला वाचता येणार नाही. शनिवारी पक्षाची माणसं यायच्या आधी गाडी जुंपून ये आणि जे काय असेल ते तोंडावर बोल. शिव्या चालतील. नाही आलास, तर त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करीन. त्यात काय लिहिलंय ते न दिसताच.

खाणावळीच्या दारात उभा असेन. गाडी लांबून ओळखता येणार नाही मला. हाक मार.

पाटीवरचं दुसरं नाव,
लेम