सातव्या मजल्याचा जिना

उमेळे, वसई
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तू पुन्हा डबीत घालून ठेवलंस, असं वहिनीने कळवलं. म्हणजे फोनवर ओरडून माझाच घसा बसणार. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी अशी की मला सोसायटीची सेक्रेटरी केलंय. सभेत नाव विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या, माझी तेवढी वर राहिली, म्हणून गळ्यात पडलं. चेअरमन धनेश. माणूस हौशी, फोटो काढून घ्यायला पुढे. काम माझ्याकडे. संकेत म्हणतो, आई, जन्मभर हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळलास, आता बिल्डिंगला इंजेक्शन दे. सूनबाई विनिता हसते, आणि आपली नात पूर्वी तर आजी साहेब झाली म्हणून शाळेत सांगून आली.

हसण्यासारखं नाही मात्र. वरती सातव्या मजल्यावर हर्षवर्धन नावाचा गृहस्थ आहे. सातिवलीला त्याचा पॅकिंगचा गाळा. माल तिथे मावत नाही, म्हणून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याला त्याने लोखंडी जाळीचं दार बसवलं, कुलूप घातलं आणि जिना थर्माकोलने छतापर्यंत भरला. गेल्या महिन्यात खाली मीटरच्या खोलीत ठिणग्या उडाल्या. धूर वर चढायला लागला तशी माणसं गच्चीकडे धावली आणि त्या दारापाशी अडकली. पाचव्या मजल्यावरच्या प्रेमलताबाई जाळीला तोंड लावून श्वास ओढत होत्या. आग भडकली नाही म्हणून आज हे लिहायला आहे.

मी नोटीस घेऊन गेले. त्याने ती माझ्यासमोर चुरगळली आणि म्हणाला, मावशी, तुमचं वय बघतोय, दुसरं कोणी असतं तर याच जिन्यावरून खाली पाठवलं असतं. हसत म्हणाला. मला त्या हसण्याचीच भीती वाटली. त्याची बायको उन्नती दारामागे उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

सुपारी सोलायच्या गडबडीतून वेळ काढून दोन ओळी टाक. वहिनीस नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आशालता


पालशेत, गुहागर
२० जानेवारी २०२५

चि. आशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला कोणी सेक्रेटरी केलं याचं नवल वाटलं नाही. गोठ्यातल्या गाईंनासुद्धा तू पाणी प्यायला रांगेत उभं करायचीस. आता माणसं हाकतेस एवढाच फरक. तुझी वहिनी विचारते, पगार किती? मी तिला सांगितलं, शिव्या, त्याही न मागता.

आता ऐक. ओरडणारा माणूस ओरडून दमतो. हसत धमकी देणाऱ्याचं तसं नसतं, तो ठरवून बसलेला असतो. नियम तुझ्या बाजूने आहे, मग तो ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडून चालव. अग्निशमनवाल्यांना बोलाव, सभेत ठराव कर, हवं तर कोर्टात जा. पण जिन्यावर स्वतः जाऊन उभी राहू नकोस. आणि संकेतला यात ओढू नकोस. पोरगा तुझ्यावर जीव टाकतो, पण डोक्यात गेलं की त्याला पुढचं दिसत नाही.

आगोटीच्या आत, पाऊस लागायच्या आधी, एकदा येऊन जा. फणस धरलाय. आठवण ठेवावी, ही थोरल्याची मागणी.

तुझा,
सुधाकर


उमेळे, वसई
६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

सगळं तू सांगितलंस तसंच केलं, जिन्यावर न जाण्याचं तेवढं सोडून. अग्निशमनचे साहेब येऊन गेले, जिना मोकळा करा असं लेखी देऊन गेले. सभेत ठराव झाला, हर्षवर्धनला मुदत दिली, ती उलटली. मग आम्ही फॅब्रिकेटर बोलावून जाळी कापायला घेतली. कापणारा शिडीवर होता, आपला वॉचमन काळूराम शिडी धरून उभा. सकाळची वेळ, हर्षवर्धन गाळ्यावर गेला असेल असं वाटलं होतं.

तो घरातच होता. दार उघडून आला तो थेट जाळीपाशी. खाली पडलेला कापलेला गज उचलला आणि काळूरामच्या तोंडावर मारला. दादा, एवढी वर्षं मी अपघाताच्या वॉर्डात काढली, पण हाड तुटण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे माणसं तुटून झाल्यावर यायची. काळूराम खाली बसला, हनुवटी एका बाजूला लोंबत होती आणि दोन्ही हातांनी तो ती सावरत होता. हर्षवर्धनने पुन्हा गज उचलला, म्हणून मी मध्ये हात घातला. एवढंच. मनगटाच्या वर मोडलाय.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले, आणि आठवडा व्हायच्या आत तो जामिनावर परतही आला. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो तर मला विचारतो, मावशी, हात कसा आहे.

काळूरामचा जबडा तारांनी बांधलाय, नळीने पेज घेतो. भेटायला गेले तर कागदावर लिहून विचारलं त्याने, नोकरी राहील ना.

संकेत जेवत नाही नीट. रोज संध्याकाळी धनेशकडे जाऊन बसतो. काय बोलतात विचारलं तर म्हणाला, सोसायटीचं. तू दोन शब्द लिही त्याला. तुझं ऐकतो.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण ते तुला खोटं वाटेल. नुसता जीव लावून राहा.

तुझी,
आशालता


विरार
३ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, सध्या मी विनिताच्या माहेरी आहे. तुम्हाला आईचं पत्र आलं असेल किंवा नसेल. माझी बाजू कळावी म्हणून लिहितोय.

तुमचं पत्र मिळालं होतं, शांत राहा म्हणून. मी ट्राय केला, मामा. पण तो माणूस रोज आईसमोर हसत फिरत होता. पोलिसांनी काय केलं? काही नाही. त्या रविवारी सकाळी तो गाडी काढायला खाली आला, तेव्हा आम्ही सात-आठ जण पार्किंगमध्ये होतो. धनेशने गेट लावलं. समजवायचं एवढंच ठरलं होतं. त्याने काळूरामवरून घाणेरडी शिवी दिली आणि मग कोणाचा पहिला हात पडला मला खरंच माहीत नाही. मार जास्त झाला, हे मान्य. त्याच्या बरगड्या गेल्या, एक डोळा गेला. तो पडल्यावर पण लोक थांबत नव्हते. गर्दीत आईलाही धक्का लागला.

सगळ्यांचं ठरलं होतं की कोणी काही पाहिलं नाही. कॅमेरा धनेशने आधीच बंद केला होता. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस पोलिसांना सांगायला गेला. माझी आई. धनेशचं नाव दिलं, बाकीच्यांची दिली, आणि त्यात माझं पण. ज्याने तिचा हात मोडला त्याच्यासाठी तिने मुलाला आत घातलं. आत्ता जामिनावर सुटलोय. कंपनीने घरी बसवलंय. पूर्वी विचारते, बाबा, आजीने कट्टी केली का.

वकील म्हणतात, अजून मार्ग आहे. आई त्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्यांवर होती, गुंगीत काय दिसलं ते नक्की सांगता येत नाही, एवढं तिने कोर्टात म्हणायचं. तिने नाही म्हटलं तर आम्हीच तसं दाखवायचं. मामा, ती फक्त तुमचं ऐकेल. तिला सांगा.

तुमचा आशीर्वाद नेहमी होता, आता तो लागणार आहे.

तुमचा,
संकेत


पालशेत, गुहागर
९ मार्च २०२५

चि. आशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

संकेतचं पत्र आलं. तुझं नाही. हे मला जास्त लागलं.

मी रागात आहे, तेव्हा सरळ लिहितो. पोराने चूक केली असेल, पण ती तुझ्यापायी केली. परक्याचा डोळा गेला म्हणून आपल्या मुलाचं आयुष्य द्यायचं, हे कुठल्या सोसायटीच्या नियमात लिहिलंय? बाकीच्यांची नावं दिलीस ते ठीक. एक नाव गाळलं असतंस तर आभाळ कोसळणार होतं का? मी असतो तर गाळलं असतं, आणि देवासमोर जे व्हायचं ते झालं असतं.

गर्दीत तुलाही धक्का लागला हे वाचून वहिनी दोन दिवस जेवली नाही. तू वकील म्हणतात तसं त्या दुखण्याच्या गोळ्यांची गुंगी होती म्हण आणि मोकळी हो. मोठा भाऊ म्हणून सांगतो आहे, विनवतो आहे म्हटलंस तरी चालेल.

सुधाकर


उमेळे, वसई
१७ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावून का होईना, लिहिलंस. संकेतने तुला जे लिहिलं नाही ते आता लिहिते. मी ते कोणालाच सांगणार नव्हते.

उन्नती किंचाळत माझ्या दारावर आली. पायात चप्पल नव्हती. मी खाली गेले तेव्हा हर्षवर्धन त्याच्याच गाडीखाली सरकायचा प्रयत्न करत होता आणि धनेश त्याला पायाला धरून बाहेर ओढत होता. कोणाच्या हातात पेव्हर ब्लॉक, कोणाच्या हातात पाइप. ही माझ्या ओळखीची माणसं, दादा. गणपतीत माझ्याकडे मोदक खाणारी. मी ओरडले, कोणी ऐकलं नाही. मग मी त्याच्या अंगावर आडवी पडले. दुसरं काही सुचलं नाही. त्याच्या डोळ्यातून येणारं रक्त माझ्या प्लास्टरवर सांडत होतं.

गर्दीत धक्का लागला नाही मला. मी पडल्यावरही क्रिकेटचा एक स्टंप खाली आला, माझ्या खांद्यावर. मान वळवून पाहिलं तर संकेत. त्याला मी दिसले नव्हते असं नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याने स्टंप पुन्हा वर नेला. तेव्हा मी त्याला हाक मारली, त्याच्या लेकीचं नाव घेऊन. अरे पूर्वीच्या बाबा, असं म्हणाले. मग त्याच्या हातून तो सुटला.

त्या क्षणी तो माझ्यासाठी मारत नव्हता. कोणासाठीच नाही. त्याला नुसतं मारायचं होतं. त्याचं नाव गाळलं असतं तर ते त्याच्या आत तसंच राहिलं असतं, आणि पुढच्या वेळी समोर विनिता असती, पूर्वी असती. हर्षवर्धनच्या डोळ्यासाठी केलं नाही मी हे. मी गोळ्या घेतल्या नव्हत्या त्या दिवशी. कळ येत होती आणि सगळं लख्ख दिसत होतं. कोर्टात हेच सांगेन.

काळूरामला सगळं सांगितलं. तारा निघाल्यात, थोडं बोलतो. म्हणाला, बाय, माज्यासाठी मारा म्हनून मी कोनाला बोललो नव्हतो, आता मना कामाला कोन ठेवील. धनेशच्या माणसांनी सभा बोलावून मला पदावरून काढलं. लिफ्टमध्ये मी शिरले की बाकीचे बाहेर पडतात. प्रेमलताबाई तेवढ्या रोज येऊन माझे केस विंचरून देतात. मला दोन्ही हात वर नेता येत नाहीत.

उन्नतीने परवा टेम्पो आणून जिना रिकामा केला, झाडूनही घेतला.

घर फार मोठं वाटतं. रागव, पण लिहीत राहा.

तुझी,
आशालता


पालशेत, गुहागर
११ एप्रिल २०२५

चि. आशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी वहिनीला वाचून दाखवू शकलो नाही. तिनेच ते माझ्या हातातून घेतलं.

मी लिहिलेलं मागे घेतो. संकेतला तुझं पत्र पाठवलं नाही, पण बोलावून घेतलं. कोर्टाची परवानगी काढून आला. पहिले काही दिवस तो नुसता बागेत बसून राहायचा. मी काही विचारलं नाही. मला ऐकूही येत नाही हे त्याला बरं वाटत असावं.

काल दुपारी माड शिंपताना त्याने माझ्या हातातला पाइप खाली ठेवला, डबीतून यंत्र आणून माझ्या कानात घातलं आणि सांगू लागला. तू जे लिहिलंस तेच सांगितलं, शब्द कमी, पण काही सोडलं नाही. स्टंप पुन्हा वर नेला, तेही. मग म्हणाला, मामा, आई दिसत होती मला.

त्यानंतर माझ्यासमोरच त्याने वकिलाला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, याचंच ऐकलं. गोळ्यांचा मुद्दा काढायचा नाही, म्हणाला. पलीकडून विरोध झाला असावा, कारण तेच त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी एवढंच बोलला, की तुम्ही केस सोडली तरी चालेल, माझी आई पूर्ण शुद्धीत होती.

शिक्षा होईल कदाचित. त्याला ते ठाऊक आहे. सोमवारच्या गाडीने तुझ्याकडे निघतोय. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाला. दार उघड, एवढंच माझं मागणं.

तुझा,
सुधाकर