चकतीवर काय चिकटलं

३ मार्च, सोमवार
आजपासून सुनेच्या कामात रस घेणे. चिरंजीवांचं म्हणणं, मी तिला टोमणे मारते. टोमणे नव्हे, सुधारणा. हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या बाईचं लाल पेन असं एकाएकी वाळत नाही. शिवाय स्वार्थही आहे. माझ्या नव्या खुब्यावर जो सिरॅमिकचा लेप आहे, त्याच्याच चकत्यांवर तिची पीएचडी.

४ मार्च
रस घेतला. जेवताना तिनं समजावलं. सिरॅमिक शरीरात गेलं की रक्तातली प्रोटीनं धावत येऊन त्यावर बसतात. हाडाला सिरॅमिक दिसतच नाही, दिसतो तो हा थर. त्यावरून हाड ठरवतं, जवळ करायचं की नाही. आधी येतात ती संख्येनं जास्त असलेली. मग चिवट येतात आणि त्यांना उठवून जागा बळकावतात. मी म्हटलं, आमच्या स्टाफरूमसारखं. ती हसली. माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच. चिरंजीव म्हणाले, म्हणजे आई, तुझ्या खुब्यात स्टाफरूम भरलीय. त्याला कोणी विचारलं होतं?

८ मार्च, शनिवार
हॉस्पिटलात तपासणी. डॉक्टर खूश. रोजचं अंडं चालू ठेवा म्हणाले. परतताना सुनेनं लॅब दाखवली. मध्येच तिच्या सरांनी बोलावलं. जाताना म्हणाली, आई, कशाला हात लावू नका हं. मला सांगते!
काचेच्या झाकणाखाली चकत्या. बटणाएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. एकीवर डाग. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलंय, डाग दिसला की पुसायचा, चर्चा करायची नाही. झाकण उचलून रुमालानं पुसली. मग बाकीच्याही पुसल्या. पक्षपात नको. ती आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. कोणाचं काही बिघडलं नाही.

१३ मार्च, गुरुवार
सून जेवली नाही. चकत्यांवर भलतीच प्रोटीनं निघाली. एक माणसाच्या कातडीचं. सरांनी सगळ्यांदेखत तिला निष्काळजी म्हटलं. पुढच्या गुरुवारी पीएचडीचं शेवटचं प्रेझेंटेशन होतं, ते रद्द. मी ठणकावून सांगितलं, हल्ली लॅबमध्ये लोक हातसुद्धा धूत नाहीत. चिरंजीवांनी मान डोलावली. तिनं नाही.
रुमाल इस्त्रीचा होता. इस्त्रीच्या रुमालाला काय चिकटणार?

१४ मार्च
दुसरं प्रोटीन ओळखू आलं. कोंबडीच्या अंड्याचं.
घरात अंडं मी एकटीच खाते. त्या शनिवारी निघायच्या घाईत हाफबॉइल खाल्लं होतं. तोंड पुसलं होतं. त्याच रुमालानं.
ठराव: अंडं बंद. पुरावा वगैरे प्रश्नच नाही. तत्त्व म्हणून.

१६ मार्च, रविवार
रुमाल उकळत्या पाण्यात घातला. आता काय उपयोग? सून सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये. उद्या सांगणारच. भाषण तयार केलं. पहिला मुद्दा: झाकणाला कुलूप का नाही? दुसरा: पाहुण्यांना एकटं सोडू नये. माफी शेवटी, वेळ उरल्यास.

१७ मार्च
सांगितलं नाही. ती दमली होती. माणुसकी म्हणून गप्प बसले.

१८ मार्च
सांगितलं नाही. संध्याकाळी तीच माझा पायाचा व्यायाम घेत होती. अजून थोडा वर, आई. शाब्बास. माझी नजर जमिनीवर. म्हणाली, या व्यायामाला मान खाली घालावी लागत नाही.
शाळेत काच फुटली की मी वर्गात विचारायचे, कोणी केलं, हात वर. हात वर यायचा. दुसरीतली पोरं होती.

१९ मार्च, बुधवार
भाषणातून दोन्ही मुद्दे काढले. माफी तेवढी उरली. सकाळी टेबलाशी बसून घसा साफ केला.
तिनं समोर बशी ठेवली. अंडं, हाफबॉइल. म्हणाली, पाच दिवस खाल्लं नाहीत, खुब्याला हवं ते. बशीशेजारी लॅबचे हातमोजे ठेवले. चकत्या सगळ्या पुन्हा पहिल्यापासून करायच्यात, शनिवारी मदतीला याल का?
घालून पाहिले. अगदी माझ्या मापाचे. तिचे हात माझ्या निम्मे.
भाषण गिळलं. मागोमाग अंडं.
सवयीनं रुमाल काढला. तिनं पेपर नॅपकिन पुढे केला.