मधलं बटण

रविवार, ५ एप्रिल १९८७
आजपासून नेमबाजी. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण पुढेमागे कुणी विचारलंच, एर्मेते, तू सुरुवात कधी केलीस, तर तारीख हाताशी असावी.

वेलियाताईच्या हट्टामुळे गेलो. ती म्हणते, आई गेल्यापासून तुझं दुकान आणि घर, घर आणि दुकान, आता भिंतींशी बोलायला लागलायस. सपशेल खोटं. आईला जाऊन अडीच महिने झाले आणि मी पूर्ण सावरलो आहे. परवा जेवताना दोन ताटं मांडली गेली, पण ती हाताची सवय. आयुष्यभर एकाच घरात दोघं राहिल्यावर हात लगेच ऐकत नाही.

क्लब गावाबाहेर, पीचच्या बागांमागे. खेळ सोपा आहे. समोर खंदक, खंदकात यंत्रं. आपण बंदूक खांद्याला लावून ओरडायचं, ओप! की मागे खुर्चीत बसलेली बाई मांडीवरच्या पेटीचं बटण दाबते आणि मातीची चकती भिरभिरत निघते. डावं बटण दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे, मधलं दाबलं की सरळ समोर. कुठलं कधी दाबायचं ते तिच्याजवळच्या कागदावर ठरलेलं असतं. आपण फक्त फोडायची. एका डावात पंचवीस.

फोडल्या: शून्य.

वारा होता. शिवाय बाबांची जुनी दुनळी बंदूक, ती बाबांच्या खांद्याची. शिवाय क्लबचा अध्यक्ष लोरिस माझ्याच पाळीला खोकत होता. तरी डाव संपल्यावर सभ्य माणसासारखे मी यंत्राचे आभार मानले. सगळे खो खो हसले. बटणवाली बाई तेवढी हसली नाही. नाव नीवेस, नवरा वारून बरीच वर्षं झाली म्हणतात.

संकल्प: १५ ऑगस्टच्या, मेरीमातेच्या सणाच्या जत्रेतली स्पर्धा जिंकायची. पहिलं बक्षीस हॅमची अख्खी तंगडी. शेवटच्याला जिवंत कोंबडी देतात आणि लोक पोट धरून हसतात. गेल्या वर्षी पोस्टमनला मिळाली होती. बिचारा.

मंगळवार, ७ एप्रिल
उजवा खांदा वांग्यासारखा झालाय. वस्तरा किंचित थरथरला, दाढीला बसलेला चर्चचा घंटावाला उगाच किंचाळला. कानाला लागलंय ते नखाएवढं.

दुपारी दुकानाच्या खिडकीतून पाहिलं. ताई आणि नीवेस चौकात उभ्या होत्या. ताई शिवणकाम करते, नीवेसचा एखादा झगा असेल. पण झग्यासाठी तिने ताईचे दोन्ही हात हातात का धरावेत? ताईने दर वाढवले असणार.

रविवार, १२ एप्रिल
नऊ! पंचवीसपैकी नऊ!! शून्यावरून एका आठवड्यात. टॅलेंट म्हणतात ते हेच. माझ्यात होतंच, आईला आवाजाचा त्रास म्हणून इतकी वर्षं बाहेर आलं नाही, इतकंच.

यंत्रही आता मला ओळखायला लागलंय. चकत्या अगदी नाकासमोर सुटत होत्या.

रविवार, १९ एप्रिल. ईस्टर
क्लब बंद. ताईकडे जेवण. तिच्या चीज भरलेल्या काप्पेलेत्तीच्या रश्श्याला आईच्या हाताची सर नाही, हे मी बोलून दाखवलं नाही, फक्त दोनदा सुचवलं. ताईने विचारलं, घरी नीट जेवतोस ना? म्हटलं, दोन्ही वेळा. ती माझ्या पँटच्या पट्ट्याकडे बघत बसली. नवीन भोकं पाडली आहेत, त्यात काय एवढं. नेमबाजाने सडपातळच असायला हवं.

रविवार, ३ मे
चौदा.

आज एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. शांतपणे लिहितो.

लोरिस ओप म्हणाला की चकती तत्क्षणी सुटते, कधी डाव्या कुंपणाकडे, कधी उजव्या झाडांकडे. मी ओप म्हटलं की आधी जराशी थांबते. अगदी एका श्वासाएवढी. मग सरळ येते. दर वेळी. (लोरिसला क्वचित सरळ चकती मिळते तेव्हा तीही जरा रेंगाळते, पण ते लक्षात घेण्याजोगं नाही.)

त्या बटणावर बोट कुणाचं आहे? नीवेसचं. मग थांबतं कोण? मी बंदूक नीट टेकवली का, माझा श्वास स्थिर झाला का, हे पाहूनच ती बोट दाबते. असं कुणी कुणासाठी उगाच करत नाही. आईसुद्धा मला हाक मारायच्या आधी अशीच थांबायची.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. असो. घाई करायची नाही.

रविवार, २४ मे
एकोणीस. लोरिसला चार गोष्टी समजावून सांगितल्या: खांदा सैल, नजर पुढे, मनात राग नको. तो म्हणाला, हो गुरुजी, आणि तोंड फिरवून रुमालात खोकला. याचा खोकला एकदा डॉक्टरला दाखवायला हवा.

डाव संपल्यावर नीवेसने आपल्या डब्यातली अर्धी पियादिनाची पोळी मला दिली, आत मऊ चीज. म्हणाली, खा हो एर्मेते, गालफडं बसलीत तुमची. पुरावा! ज्या बाईला काही वाटत नाही ती गालफडांकडे बघते का?

अजून अहो-जाहो करते. एकदा 'अरे' म्हणाली की मी समजायचं ते समजेन.

रविवार, १४ जून
बावीस!!! बावीस!!!

प्लॅन ठरला. १५ ऑगस्टला हॅम जिंकायचा. सगळ्या गावादेखत तो घेऊन नीवेसपुढे जायचं. म्हणायचं, नीवेस, हा एकट्या माणसाला संपणार नाही. बास, एवढंच. पुढचं तिला कळेल.

मंगळवार, १६ जून
दुकानात आरशासमोर वाक्याचा सराव केला. खुर्चीत गालभर साबण लावून पशुवैद्य बसले आहेत हे विसरलो. ते म्हणाले, कसला हॅम? मग विषय बदलायला एकदम ओप म्हणालो तर उडालेच. हनुवटीला जरासं लागलं.

आईची खुर्ची माडीवर नेऊन ठेवली. नीवेसला हवी तर तिची खुर्ची तिने आणावी.

बुधवार, १७ जून
आईची खुर्ची खाली आणली. माडीवर ओल येते.

रविवार, ५ जुलै
लोरिसने सभेत जाहीर केलं की स्पर्धेच्या आधी मायक्रोफोन बसवणार. आपण ओरडलं की चकती आपोआप सुटेल, कुठे जायचं ते कागदावरच्या क्रमाने यंत्रच बघेल. बटणाला माणूस नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नीवेसने वाजवल्या नाहीत. पेटीवर हात ठेवून बसली होती. डोळे भरले होते तिचे. साहजिक आहे, माझ्या हाकेला ओ देणं आता तिच्या हाती राहणार नाही. मनातल्या मनात म्हटलं, जराशी कळ काढ, ऑगस्ट काही लांब नाही.

बाहेर पडताना लोरिस म्हणाला, एर्मेते, आता तुला जड जाईल रे. यंदा भाग घेतलाच पाहिजे असं नाही. जळतो.

रविवार, २ ऑगस्ट
मायक्रोफोन बसला. सात.

सात कसे? यंत्र नवीन आहे, त्याला माझा आवाज सवयीचा नाही. माझी चकती डावीकडे काय गेली, उजवीकडे काय गेली! आणि मुळीच थांबत नाही, ओप तोंडातून निघतोय तोवर ती कुंपणापलीकडे. लोरिसला दाखवलं, हे बघ, तुमचं यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, कागदाप्रमाणेच सोडतंय रे बाबा. आणि कधी नव्हे तो माझ्या पाठीवर हात ठेवला.

नीवेस क्लबच्या बारमध्ये पेले पुसत होती. एकदाही बाहेर पाहिलं नाही. लाजली असेल.

रविवार, ९ ऑगस्ट
सहा.

कारण सापडलं. कांदा. कांद्याने आवाज जड होतो. स्पर्धेपर्यंत कांदा बंद.

ताई दार न वाजवता घरात शिरली. म्हणाली, शनिवारी आमच्याबरोबर समुद्रावर चल ना, छत्री घेऊ, टरबूज कापू. म्हटलं, स्पर्धा सोडून? ती म्हणाली, माझ्यासाठी. मी म्हटलं, तुला भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही का गं?  तिने ओट्यावरची दोन ताटं पाहिली, धुऊन पालथी घातली, आणि गेली. दोन्ही स्वच्छच होती, उगाच धुतली.

शनिवार, १५ ऑगस्ट, सकाळी
इस्त्रीचा पांढरा शर्ट. आईची अंगठी नेमबाजीच्या जाकिटाच्या खिशात, काडतुसांबरोबर. कांदा नाही. मन स्थिर. आज रात्री हे पान मोठं होणार.

रविवार, १६ ऑगस्ट
काल लिहिलं नाही. आज लिहून टाकतो.

चार. पहिल्या चकतीला ओप म्हणालो, मायक्रोफोनला ऐकूच आलं नाही. पुन्हा म्हणालो. आवाज म्हणून निघेना. मागून कुणीतरी ओरडलं, एर्मेते, जोरात बोल, ते दाढी करून घ्यायला नाही आलेलं! सगळी जत्रा हसली. तिसऱ्यांदा किंचाळलो तर चकती बंदूक टेकायच्या आत गेली. पुढच्या चोवीस कुठे कुठे गेल्या, सांगता येणार नाही. चार फुटल्या त्या नाकासमोरच्या.

शेवटून पहिला. बँड वाजवून कोंबडी दिली.

तशीच बगलेत धरून नीवेसला शोधत गेलो. ती बारच्या मागच्या बाकावर बसली होती. मांडीवर पेटी नव्हती, म्हणून दोन्ही हात नुसतेच मांडीवर ठेवले होते. मला बघून म्हणाली, अरे एर्मेते, ये, बस.

अरे म्हणाली. सगळा उन्हाळा ज्याची वाट पाहिली ते म्हणाली. 

मग म्हणाली, तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू त्या यंत्राशी भांडत बसशील. मी तुझ्या पाळीला मधलंच बटण दाबत होते. पहिला रविवार सोडला तर नेहमी. वेलिया रडत आली होती माझ्याकडे. म्हणाली, तो जेवत नाही गं, दोन ताटं वाढतो आणि दोन्ही तशीच उचलतो, त्याला काहीतरी जमू दे. मला वाटलं, दोन-चार वेळा करू, मग हळूहळू कडेच्या सोडू. पण तू इतका खूश व्हायचास की माझं बोट दुसऱ्या बटणाकडे जाईचना. लोरिसलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. कुणी बोललं नाही. चुकलं असेल माझं, तर माफ कर.

कोंबडी फडफडत होती. मी विचारलं, आणि ते थांबणं? तिला कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं, मी ओप म्हटल्यावर चकती जरा थांबायची, ते? ती विचारात पडली. मग म्हणाली, अगबाई, ते होय! ते बटण अडकायचं रे. मधलंच. तुझ्यासाठी दाबून दाबून झिजलं होतं.

मी म्हटलं, हो का.

अंगठीसाठी खिशात हात घातला होता तो काडतुसावर पडला. तसाच बाहेर काढला. ती म्हणाली, सोमवारी मी समुद्राकाठी चेर्व्हियाला जाते, बहिणीच्या हॉटेलात काम आहे. इथे आता काय उरलंय? हिवाळ्यात येणार का म्हणून विचारलं. म्हणाली, नाही, तिथेच राहीन. उठताना तिने माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, जेवत जा रे.

फार वाईट वाटलं. आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं, लोकांनी त्याचं कौतुकही केलं होतं. काल पीचच्या बागेत आलं. कुणासाठी रडतोय ते वेगळं करता येईना. बगलेत कोंबडी, तिला सोडून डोळेही पुसता येत नव्हते.

रविवार, २३ ऑगस्ट
गेलो नाही. खांदा दुखतो.

ताई रस्सा घेऊन आली होती. दार उघडलं नाही. ती बाहेरून म्हणाली, मला शिव्या दे, पण हे पी. पायरीवर ठेवून गेली. दुपारी ती दिसेनाशी झाल्यावर आत आणला. खरं सांगायचं तर चांगला होता. आईच्या जवळपास जाणारा.

रविवार, ६ सप्टेंबर
बंदूक पुसून कपाटात ठेवली. नेमबाजीसाठी हवा कोरडी लागते, ती आता संपली. पुढच्या वर्षी बघू. (बघणार नाही.)

ताई म्हणाली, त्या कोंबडीचं काय करायचं ते कर, स्वयंपाकघरात घाण करते. मी म्हटलं, राहू दे. संध्याकाळी ती आईच्या खुर्चीवर चढून बसते. हाकलायचा प्रयत्न केला होता, एकदा.

रविवार, १३ सप्टेंबर
क्लबमध्ये जुनं सामान काढत होते, लोरिसने सकाळी ती पेटी आणून दिली. म्हणाला, भंगारात जाणार होती, तुला हवी असेल असं वाटलं. आज एकदाही खोकला नाही.

जेवणाच्या टेबलावर ठेवली. तीन बटणं. डावं आणि उजवं अजून काळंभोर. मधल्याचा रंग उडालाय, खाली बोटाएवढा खळगा पडलाय. दाबलं. खाली गेलं आणि तिथेच राहिलं. मग जरा वेळाने आपलं आपण वर आलं. तेवढाच वेळ, एका श्वासाचा. पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढाच.

मग हळूच म्हटलं, ओप.

खुर्चीवरून कोंबडीने मान वळवून पाहिलं. बाकी काही उडालं नाही. तिला दाणे टाकले, हात धुतले आणि एक ताट मांडलं.