उताराचं बंधन

९ मार्च

उत्तर निघालं, आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिले. जंगलाचे कक्ष पाडलेत; कुठला कधी तोडायचा, कुठल्याला किती वर्षं विसावा द्यायचा — वर्षभर हेच गणित मांडतेय. मुख्य अट अशी, की जेवढं वाढेल त्याहून जास्त तोडायचं नाही. आज सगळी बंधनं एकदाची बसली. यंदा तोडीला आला कक्ष नऊ. आईच्या घरामागचा.

१० मार्च

पुन्हा चालवलं. नऊच!

१२ मार्च

नऊ वगळून पाहिला. एक ओळ वाढवली की झालं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग लाकूड भरायला उताराचं बंधन काढावं लागतं, आणि तोड सरकते झऱ्यावरच्या उताराकडे. तिथली झाडं गेली की माती गेली, मागोमाग खालचं पाणी. ओळ पुसली. 

१५ मार्च

आईकडे गेले. बाबा वनरक्षक होते. घरामागच्या त्या झाडांखालीच मी चालायला शिकले. चहा होईपर्यंत धीर झाला नाही. मग सांगून टाकलं.

"सगळी?"

"नाही गं. मोठी निवडून. बाकीची वाढू द्यायची."

"म्हणजे मोठी सगळी."

मी उताराचं समजावत होते, ती कप विसळत राहिली. निघताना म्हणाली, "तू ठरवलंस की मशीनने?"

"मी."

मागे कडी लागल्याचा आवाज आला. एरवी मी वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी असते.

१८ मार्च

आई फोन उचलत नाही.

२० मार्च

वनखात्यातल्या साहेबांपुढे आराखडा ठेवला. "लाकूड कमी पडतंय. उताराचं बंधन जरा सैल करा की."

नाही म्हटलं. 

"आईच्या दारची झाडं दिलीत, आणि उतारासाठी अडून बसलात?"

म्हणजे त्यांना माहीत होतं!

"उतार वाचावा म्हणूनच दिली."

ते हसले. "बघू."

२६ मार्च

आराखडा मंजूर. खाली नाव माझंच. नऊ तुटणार, आणि उतारही — साहेबांनी ते बंधन काढून गणित दुसऱ्या कुणाकडून चालवून घेतलं. हरकती मागवणारी नोटीस आईच्या गावात फलकावर लागलीये. तिने वाचली असणार. काय तोंड दाखवू?

२७ मार्च

आईचा फोन. "हरकत घ्यायला उद्या शेवटचा दिवस. मी उतारावर घेतेय. नऊवर नाही. आकडे घेऊन येशील ना?"