थेंब हलता कामा नये

सोमवार, ३ मार्च. सकाळ.

आजपासून फक्त पाणी. लग्नं, बारकी पोरं, मांजरं, सूर्यास्त, सगळं बंद.

काल जिन्यात वरचीला मोबाइलमधला थेंबाचा फोटो दाखवला. वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची. नाव लिहीत नाही, बाबांना दिसेल ती वही उघडायची सवय आहे. तिने दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, छान आहे, पण थोडा हललाय ना रे?

ना रे म्हणाली. नुसतं हललाय म्हणूनही भागलं असतं.

२८ला तिचा वाढदिवस. त्या दिवशी तिच्या हातात माझा फोटो. एकच थेंब, हवेत, गोठल्यासारखा. आणि थेंबाच्या आत ती. हे होऊ शकतं. थेंबाच्या मागे जे असतं ते थेंबात दिसतं, फक्त उलटं. म्हणून मागे तिचा फोटो उलटा टांगायचा, की आत ती सुलटी. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांना एवढंच आठवतं की मी स्टँड फेकला. फेकला नव्हता. ठेवला होता, जोरात. आणि कॉलेज मी सोडलंय, कॉलेजने मला नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. न चिडणे.

मंगळवार, ४ मार्च. साडेदहा.

उठलो. बाकीचं रात्री लिहितोय.

मेडिकलमधून सलाइनची नळी आणली. पंख्याला टांगली. खाली आईचा केकचा ट्रे. पाण्याचा थेंब उठून दिसत नाही म्हणून दूध घातलं, घरात होतं तेवढं. आई म्हणाली, चहाचं काय? मी म्हटलं, कला आणि चहा यातलं एक निवड. तिने चहा निवडला.

दुपारपर्यंत नुसत्या ट्रेचे फोटो. थेंब एकतर यायचाय किंवा येऊन गेलाय. एका फोटोत माझा अंगठा आहे, तो मात्र अत्यंत शार्प.

बादलीला लाथ मारली. बादली रिकामी नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च.

शोध लागला!

मागच्या खोलीच्या छतातून थेंब पडतो. आपोआप. नळीच्या थेंबाला हा डौल नाही. जाड, गोल, सावकाश. आणि नेमकी एकच जागा. खाली आईची सुई उभी करून त्या सुईवर फोकस लावला, पुढचा थेंब बरोबर सुईवर.

मागच्या खोलीच्या वर कोण राहतं हे सांगायला नकोच. म्हणजे हे पाणी तिच्या घरचं. मी टांगलेलं नव्हे, तिने धाडलेलं.

खोलीत खिडकीशी आईचं शिलाई मशीन आहे. आई लोकांचे पडदे, कपडे शिवते. मशीन चालू झालं की कॅमेऱ्याची तिपाई थरथरते आणि फोटो हलतो. ठरवून दिलं: सकाळी शिवणकाम बंद. आई म्हणाली, मग तुझ्या पाण्यावर घर चालव. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, चिरंजीव निदान खाली तरी बघतायत, हल्ली नुसते जिन्याकडे बघायचे.

या घरात प्रतिभेला किंमत नाही.

सोमवार, १० मार्च.

आज थेंब उशिरा सुरू झाला. नऊनंतर. तिला रात्री झोप लागली नसावी. कारण उघड आहे.

तिचा फोटो मिळाला: कॉलेजच्या सहलीचा, बसच्या दारात. कापून घेतला. शेजारी कुणाचा तरी खांदा आहे, तो कापता येईना, तिचा हात त्यावर आहे. आईच्या दोऱ्याने मशीनच्या पुढे उलटा टांगला. आई म्हणाली, ही वरच्यांची पोरगी ना, डोकं खाली करून का लटकवलीस? समजावलं. तिला समजलं नाही. हसत होती.

संध्याकाळी पहिलं यश. थेंब हवेत, स्थिर, आणि आत चित्र. खांदा आलाय.

बुधवार, १२ मार्च. रात्री.

ती आली! स्वतःहून! आमच्या दारात!

म्हणाली, बाबांच्या बाथरूमखालचा पाइप फुटलाय बहुतेक, तुमच्या मागच्या खोलीत ओल आलीय का? आली असेल तर सांग, उद्या प्लंबर बोलावलाय, फरशी फोडून करूनच घेतो. नसेल तर राहू दे, घरभर धूळ होते.

बाबांची बाथरूम. असू दे. घर शेवटी एकच.

दोन सेकंदांत सगळा विचार केला. पाइप नीट झाला की थेंब बंद. शिवाय ती किती ओशाळली होती! आपल्यामुळे शेजाऱ्यांना त्रास, हे तिच्या मनाला लागलं असतं. म्हणून हसून म्हटलं, छे, ओल कसली, कोरडं ठणठणीत आहे.

तिला इतकं बरं वाटलं! म्हणाली, वाचलो बाबा.

वाचवलं. मी.

आईने विचारलं काय म्हणत होती. सांगितलं, उद्या वर प्लंबर येतोय. यात एक शब्दही खोटा नाही.

शनिवार, १५ मार्च.

छतावरच्या डागाने आता आकार घेतलाय. कपाळ, नाक, हनुवटी. एका बाजूने बघितलं तर सरळसरळ तीच. बाबांना दाखवलं. म्हणाले, मला तर ही पाठीमागे लागलेली म्हैस दिसते, आणि हा डाग प्लंबर येऊन गेल्यावर वाढला कसा? म्हटलं, आतलं पाणी वाळायला वेळ लागतो. ते म्हणाले, हं. बाबांचं हं मला कधीच आवडलेलं नाही.

सोमवार, १७ मार्च.

आवाजाचा सेन्सर जोडला. थेंब ट्रेत पडला की टप्प होतं, त्या आवाजावर फ्लॅश उडतो आणि उसळणाऱ्या थेंबाचा फोटो निघतो. मी नसलो तरी चालतं. दुकानदार म्हणाला, हलकासा आवाजही पकडेल. त्याच्याशी भांडण झालं, पण ते पिशवीवरून.

बुधवार, १९ मार्च. दुपारी.

विचित्र प्रकार. जेवत होतो. मागच्या खोलीत कुणी नाही, दार लोटलेलं, आणि फटीतून फ्लॅश उडाला. मग पुन्हा. थेंबाची लय मला पाठ आहे, ही ती नव्हती.

आईचा घास हातात राहिला. म्हणाली, आत कोण आहे?

जाऊन पाहिलं. कुणी नाही. ट्रेत पांढरी पूड पडलेली. फोटो बघितले, थेंब नाहीच, नुसतं शांत पाणी. सेन्सर दोन नंबरचा निघाला. भलतंच काहीतरी ऐकतो.

शुक्रवार, २१ मार्च.

पुडीचं काही वाईट नाही. पाण्याला पोत येतो.

आता दोन थेंब पडतात. दुसरा मशीनच्या अगदी जवळ. आई वर बघत बसली होती. म्हणाली, छताला पोट आलंय रे. मशीन स्वयंपाकघरात नेऊ का? मी चिडलो. चिडायचं नाही असं ठरलंय, पण चिडलो. मशीन सरकवायचं म्हणजे तिपाई सरकणार, तिपाई सरकली की फोकस गेला, पंधरवड्याचं काम पाण्यात. म्हटलं, प्लंबर सांगून गेलाय, काही होत नाही. आणखी एक आठवडा, मग कुठे हवं तिथे ने.

बरं बाबा, म्हणाली. तुझं काम महत्त्वाचं.

पहिल्यांदा कबूल केलं घरात कुणीतरी.

सोमवार, २४ मार्च.

फ्लॅश आता आपल्या मनानेच उडतो. भर दुपारी. संध्याकाळी. बाबा म्हणाले, थेंबाचा आवाज नसेल तर तो ऐकतो काय, ते तरी ऐक. आणि कान लावून उभे राहिले. नेमकं तेव्हा काही झालं नाही. मी उभा होतो तेव्हा झालं. कर्र असं काहीसं, बारीक, वरून. जुनं बांधकाम, कुरकुरायचंच.

सेन्सरचा स्क्रू पिळून कान कमी केले. आता फक्त मोठा आवाज झाला तरच उडेल. थेंब मी स्वतः बटण दाबून टिपेन. शांतता.

गुरुवार, २७ मार्च.

आज तिचा चेहरा आला. जवळजवळ. एक डोळा आणि खांदा.

उद्या सकाळी वर जाऊन तिला खाली घेऊन येणार. तिच्यासमोर शेवटचा फोटो. मग बोलणार. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आयत्या वेळी सुचेल.

आईला उद्या पडदे द्यायचेत. सकाळी शिवू का विचारत होती. म्हटलं, मी वर जाईन तेवढ्या वेळात शिव. मोठं मन ठेवायला काय जातं?

शुक्रवार, २८ मार्च.

वर गेलो. दार खांद्याने उघडलं.

म्हणजे तो. सहलीतला. सबंध माणूस आहे. केक कापत होते. ती म्हणाली, अरे ये ना, हा माझा, आणि पुढचं ऐकू आलं नाही.

पायाखालून आवाज आला. जमिनीतूनच.

सगळे खाली धावले. माझ्या पुढे धावले.

रविवार, ३० मार्च.

छताचं पोट फुटून मशीनवर आलं. आईच्या उजव्या हाताची दोन हाडं आणि खांदा. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, वर बघून बाजूला झुकल्या म्हणून डोकं वाचलं. शिवणं कधी, ते आत्ता विचारू नका म्हणाले.

त्या दिवशी जिन्यात ती सगळ्यांसमोर म्हणाली, पण हा तर म्हणाला होता कोरडं ठणठणीत आहे. आवाज चढवून नाही. नुसतं सांगितलं. खांद्याने तिचा हात धरला होता.

बाबांचं हं आलं नाही. ते माती भरत राहिले. मी घमेलं उचलायला गेलो तर त्यांनी ते दुसऱ्या बाजूने घेतलं.

सोमवार, ३१ मार्च.

कॅमेरा फुटला. कार्ड चालतं.

शेवटचा एक फोटो आहे. मी काढलेला नाही, आवाजावर निघालेला. आईने उजेड अडतो म्हणून टांगलेला फोटो काढून ठेवला होता. त्यामुळे थेंबामागे तीच. थेंब हवेत, सुईच्या टोकावर, काचेसारखा. आत आई, उलटी, एवढीशी, पडद्यावर हात आणि मान वर. चष्म्याची काडीसुद्धा दिसते. दोऱ्याने बांधलेली काडी. ती मोडली होती हे मला माहीत नव्हतं.

कुठेही हललेला नाही.

दवाखान्यात आईने डाव्या हाताने माझी बाही ओढली. म्हणाली, एवढं करून आला का रे फोटो?

म्हटलं, नाही. हलला.