ऐंशीच्या आत

२८ एप्रिल

चौऱ्याऐंशी किलो दोनशे! शक्यच नाही. काल संध्याकाळी नुसतं ताक प्यायले, सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या पळून आले, आणि काटा परवापेक्षा वर! काटा उचलून सोप्यात ठेवला, मग अंगणात, मग अव्वाच्या फोटोखालच्या सपाट फरशीवर. सगळीकडं तेच.

विजयसिंह सरांचा काल पुण्याहून फोन आलता. आमच्या टीमचे नवे फिटनेस कोच. "सौंदर्या, पंचवीस मेला टेस्ट. ऐंशीच्या आत यायचं. नाहीतर यंदा करार नाही." वर म्हणे, तुझ्या गुडघ्यासाठीच सांगतोय. इतकी वर्षं बास्केटबॉल खेळून पोट भरतेय, रिंगखाली मला हलवणारी अजून भेटली नाही, आणि हा माणूस चार किलोंवरनं मला घरी बसवणार! गुडघा माझा आणि काळजी ह्यांना? मला नाही पटत. काहीतरी शिजतंय.

आप्पा काट्याकडं बघून हसले. "चौऱ्याऐंशी म्हंजे काय वजन हाय व्हय? माझ्या तालमीत शेंबडी पोरं एवढी असायची."

३० एप्रिल

बायडाबाईला रंगेहाथ पकडलं! भाकरीचा पापुद्रा उचलून आत लोण्याचा गोळा ढकलत होती. माझ्याच भाकरीत! मी ओरडले तर उलट माझ्यावरच — "मला काय बोलू नगा. आप्पांनी सांगिटलंय. पोरगी वाळली म्हनत्यात."

आप्पांना विचारलं. "लोणी काय ईख हाय व्हय?" झालं. अव्वा गेल्यापासनं दोन वर्षं हे आईविना घर ह्या दोघांच्या तंत्रानं चाललंय. बाई स्वयंपाक करून जाते, मग दिवसभर आप्पा आणि टीव्ही. तालमीत मॅट आली, नवा वस्ताद आला, आप्पांना आता कुणी हाक मारत नाही. त्यांना वस्तादकी करायला सुट्टीला आलेली पोटची पोर सापडलीय! उद्यापासनं माझी भाकरी मी थापणार.

३ मे

चौऱ्याऐंशी. लोणी बंद करून एवढंच?

६ मे

काट्यावरच संशय होता म्हणून आप्पांच्या दोस्ताच्या, अभिनंदन काकांच्या अडत दुकानात गेले. गुळाचे तीस-तीस किलोचे रवे मोजायचा मोठा काटा आहे त्यांचा, तो खोटं बोलणार नाही. चप्पल काढून वर उभी राहिले. हमाल काम सोडून बघायला लागले. काका चष्मा वर करून म्हणाले, "पावणेतीन रवं नि वर दीड किलो भरल्या की ओ पैलवान!" सगळे हसले. मला हसू येईना.

म्हणजे घरचा काटा खरा आहे. मग खोटं कोण?

८ मे

मला वाटतं, सापडलं.

क्रांती! वारणानगरची, एकवीस वर्षांची, आमच्याच टीमची, माझ्याच जागेवर खेळते. मी बसले की ती उभी राहणार, एवढं साधं आहे. आणि ही बाई सुट्टीत स्वतःच्या घरी न राहता इथं कोल्हापुरात खोली घेऊन राहिलीय. "ताई, तुमच्याबरोबर सराव करायचाय." रोज कोर्टवर आल्या आल्या पहिला प्रश्न — "ताई, आज किती?" तुला गं काय करायचंय!

गेल्या आठवड्यात तिनं प्रोटीनचा डबा दिला होता. लेबल नाही. "सुटं आणलंय, पण चांगलं असतंय." मी खुळ्यासारखी चार दिवस प्यायले. आज सकाळी वजन दोनशे ग्रॅम वर! उरलेला डबा आप्पांना दिला. त्यांनी दुधात घालून प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. "हुलग्याच्या पिठागत लागतंय. पर हरकत न्हाय, दे."

११ मे

आज माझ्या कानांनी ऐकलं. सराव संपला, मी बूट सोडत होते, क्रांती पाठमोरी फोनवर. "नाही सर, ताई अजून त्र्याऐंशीच. हो सर. मी बघते."

मी बघते! काय बघणार आहेस गं? मला खाली पडताना?

तशीच निघाले. घरी येऊन तिचा नंबर ब्लॉक केला. टीमच्या ग्रुपमधूनही बाहेर पडले. तिथं ती सरांच्या पुढंपुढं करते ते बघवत नाही. वजन किती ते आता मला आणि काट्यालाच कळेल. आप्पांना सांगून ठेवलं — ती दारात आली तरी मला बोलवायचं नाही. आप्पा म्हणाले, "बरं." एवढंच. एरवी शंभर प्रश्न विचारतात.

१५ मे

त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी.

१८ मे

ब्याऐंशी आठशे. आज काट्यावरच बसून रडले. एकतिसावं सरतंय. ह्या वर्षी करार गेला की परत कुणी विचारणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. खेळाशिवाय मला काय येतं? काही येत नाही. एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून उभी राहिलेली मी मलाच दिसली.

आप्पा दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही.

"रडतीस कशाला? वजनच तोडायचं न्हवं? मग म्हैनाभर ही काकडी कशाला खाईत बसलीस? दोन दिसांत तोडून दावतो."

मग त्यांनी सांगितलं. पैलवान खालच्या गटात खेळायचा असला की करतात ते. आदले दोन दिवस पाणी तोडायचं. लोकरीचं कापड अंगावर घालून उन्हात पळायचं. मग घोंगड्यात गुंडाळून घाम काढायचा. तोंडात लिंबाची फोड धरून थुंकत राहायचं. "वजन दिलं की लिंबू-पाणी, केळी, शिरा. सांजच्याला कुस्तीला पैलवान ताजा! शेकड्यांनी पोरं काढल्यात मी अशी."

सरांना वजन पाहिजे ना? घ्या वजन!

२० मे

आप्पांनी ट्रंकेतून जुना स्वेटर काढला. वासानंच जीव जातोय. आज स्वतः सायकल घेऊन माझ्यामागनं रंकाळ्याला आले. "पाय उचल की! म्हशीगत काय पळतीस?" सगळा रंकाळा बघत होता. दोन वर्षांत त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

बायडाबाई म्हणते, "आप्पा आता जेवाय लागल्यात बघा. तुमी नसला की निम्मी भाकरी उरती."

२२ मे

दुपारी आप्पा बाहेर गेटाशी कुणाशी तरी बोलत होते. बराच वेळ. मी आत घोंगड्यात.

"कोण होतं?"

"दुसरं कोन? तुझी मैत्रीन. दिली घालवून."

बरं केलंत म्हटलं. टेस्टच्या तोंडावर बघायला आली असणार, कुठवर आलेय ते. आता बघ म्हणावं पंचवीसला!

२४ मे

पुणे. लॉजवर. आप्पा बरोबर आलेत. कालपासनं पाणी नाही, नुसत्या चुळा. जीभ टाळूला चिकटतेय. सारखं डोळ्यांपुढं ताक येतं. शिकरण येतं. नळ सुटलेला ऐकला तरी रडू येतं. पण ऐंशी चारशे! सकाळपर्यंत ते चारशे जातात. आप्पांनी पाय चेपून दिले. लहानपणी चेपायचे तसे.

२५ मे

एकोणऐंशी सातशे!

आणि सगळं संपलं. उद्या लिहीन.

२६ मे

दवाखान्यातनं सोडलं. सलाईनची सुई हातात सलतेय, तरी लिहिते.

काट्यावरनं उतरले तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बाटलीला हात घातला, दोन घोट घेतले असतील, तोवर शिट्टी. "चला, लगेच कोर्टवर. पळण्याची टेस्ट." मी म्हटलं, आत्ता? वजन झालं की संध्याकाळी नसते का? सर म्हणाले, "बास्केटबॉल आहे हा, कुस्ती नव्हे. वजनाला लागून पळणं हे ग्रुपवर टाकलं होतं. पाणी तोडून येणारे पकडायलाच."

दोन रेषा, मध्ये वीस मीटर. बीप वाजला की पळायचं, दर वेळी जरा लवकर. एरवी ह्या टेस्टमध्ये शेवटपर्यंत टिकणारी मी. काल तिसऱ्याच टप्प्यात पोटऱ्यांत गोळे आले. मग समोरची रेषा दोन दिसायला लागली. मग फरशी.

जाग आली तर डोकं क्रांतीच्या मांडीवर. ओठांना ओला रुमाल लावत होती. मी तिचा हात झटकला.

सर दवाखान्यात आले होते. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. "एकोणऐंशी होऊन काय उपयोग, सौंदर्या? ब्याऐंशीनं येऊन पळाली असतीस तर मी भांडलो असतो तुझ्यासाठी." करार नाही.

राहून राहून एकच येतं मनात. क्रांती ग्रुपवर होती. तिला माहीत होतं. मी घाम काढतेय हे सगळ्या रंकाळ्याला ठाऊक, तिला नसेल? एक शब्द सांगितला नाही पोरीनं! जिंकली. घे म्हणावं माझी जागा.

२७ मे

कोल्हापूर. आप्पांनी अंथरूण सोप्यात घातलंय, पंख्याखाली. बायडाबाईनं भाकरीत लोणी घातलं. खाल्लं.

२९ मे

क्रांती आली. आज आप्पा घरात नव्हते, म्हणून दारातनं आत आली.

"ताई, मी बावीसला येऊन गेलते की! आप्पांना सांगितलं, वजन झालं की लगेच पळायचंय, त्यांना पाणी तोडू देऊ नका. सरांना पण किती दिवस फोन करत होते, ताईंना एक महिना वाढवून द्या म्हणून. आप्पा म्हणाले, सांगतो."

ती गेली.

आप्पा आले तेव्हा विचारलं. आधी टोपी खुंटीला लावली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय. सांगिटलं हुतं तिनं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझी अव्वा गेल्यापास्नं घर खायाला उठतंय, पोरी. मला वाटलं, ऱ्हाशील."