कढई न चढवता केलेला बैल

धारूर, आश्विन वद्य पंचमी, १३२४ फसली

तीर्थरूप भिवराबाई मामी यांच्या चरणी जावई राधाकिशनचा नमस्कार. आपले गुडघे आता कसे आहेत? मी ठीक आहे. हे पत्र आपला मुलगा उत्तरेश्वर वाचून दाखवीलच. (उत्तरेश्वर, कंसातले तुझ्यापुरते. ते मोठ्याने वाचू नकोस.)

कौशल्या गेल्यावर फाल्गुनात आपण शिवकन्येला घेऊन गेलात, तेव्हा म्हणालात, "दुखवट्याचं वरीस हाय. कढई चढायची न्हाई, घरात बाईमाणूस न्हाई. दिवाळीला लेकराच्या हातावर काय ठिवताल तुमी?" त्याचे उत्तर शोधायला मला सात महिने लागले.

उत्तर असे की, दुखवट्यात तळायचे नसते, भाजायला कोणाची हरकत नाही. औरंगाबादेत शिकताना मी एका भट्टीवाल्याच्या माडीवर राहत होतो. तो साखरेची बिस्किटे कशी करतो ते दोन वर्षे खिडकीतून पाहिले आहे (नुसता वास घेतला म्हणणे जास्त खरे). कणीक फडक्यातून चाळली, साखर वाटून घातली, तूप हात आखडूनच, आणि चिमूटभर पापडखार. पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, झाकणावर निखारे. पहिल्या खेपेला सगळी एकमेकांना चिकटून एकच भाकरी झाली. दुसरी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. (तिसऱ्या खेपेतले एक गल्लीतल्या कुत्र्याने पळवले आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवले.) मी थांबलो नाही.

कौशल्या दर दिवाळीला पोरीसाठी कणकेची जनावरे तळायची, म्हणून मलाही जनावरेच हवी होती. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बैल, मोर आणि हत्ती यांचे साचे वाकवले. मी शाळेत भूमिती शिकवतो, त्यामुळे बैल मोजूनमापून काढला होता. पण निखाऱ्याखाली तो चहूकडून फुगतो आणि भूमितीचे काही चालत नाही. शेजारच्या चंद्रभागाबाई धूर बघून, कढई चढली की काय म्हणून तपासायला आल्या (गल्लीत काय चालते आणि काय नाही, ते त्या ठरवतात). ताटलीकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, ही म्हैस गाभण हाय का?" बैल आहे म्हटल्यावर, "आसंल बाबा." मग पातेल्यात डोकावून तेल नसल्याची खात्री केली आणि खाल्ल्याशिवाय निकाल देता येत नाही म्हणून तीन खाल्ली. निकाल असा झाला : "तळलेलं न्हाई, म्हंजी ही भाकरीच की. खुशाल करा." (पुढच्या चौकशीसाठी दोन हत्ती पदरात बांधून नेले.)

दुसऱ्या दिवशी गोल आकारासाठी कौशल्याच्या करंड्याचे झाकण घेतले. तीनदा धुतले, तरी कडेचे कुंकू गेले नाही, आणि त्या बिस्किटांना लाल कड आली. चंद्रभागाबाई पुन्हा आल्या होत्या. त्यांनी ती पाहिली आणि एकही न चाखता उठून गेल्या. मीही त्या दिवशी निखारे विझवले. सकाळी पुन्हा पेटवले.

गाडीवाला आश्रुबा आपल्या सिरसाळ्याच्या बाजाराला निघाला आहे. त्याच्याबरोबर डबा देत आहे. बिस्किटे जरा कडक आहेत, दुधात बुडवून खावीत.

आपला,
राधाकिशन

ता. क. — डब्यातला बैल शिवकन्येसाठी, आणि तोही फक्त नमुना. बाकी एकोणतीस जनावरे इथे फळीवर आहेत. ती तिने येऊन मोजावीत. आश्रुबाची गाडी परत येताना रिकामीच असते. उत्तरेश्वरने पोरीला घेऊन तीत बसावे. दिवाळीनंतर तिला परत नेण्याचा विषय आपण काढला नाहीत, तर मीही काढणार नाही.

(उत्तरेश्वर, बैलाचे शिंग वाटेत मोडले असे तिला सांग. ते मुळातच नव्हते.)

आणखी एक. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली चार गोल बिस्किटे मामींची आहेत. ती दुधात बुडवू नयेत. कड जाईल.